अमावास्येचं विमान

९ मे, शनिवार

तिकीट आलं!! सोळाचं. मुंबई ते टोरंटो, साडेबारा हजार किलोमीटर! मी आजवर नाशिकहून नागपूरच्या पुढे गेलेली नाही.

सकाळी अकराला उडायचं, त्याच तारखेला रात्री साडेदहाला उतरायचं. ह्यांनी लगेच वजाबाकी केली आणि अख्ख्या देवळाली कॅम्पात सांगून आले, "उज्वला साडेअकरा तासांत कॅनडात!" वेदिका फोनवर पोट धरून हसली. "बाबा, तिकडचं घड्याळ मागे असतं! लंडनचा थांबा धरून एकवीस तास." एकवीस तर एकवीस. मी बसून राहीन!

बाळंतपणाची अठ्ठावीस तारीख दिलीय तिला. गेल्या वर्षी तिचं पोट पडलं तेव्हा मी इथे फोनला कान लावून रडत होते. या वेळी हात धरून उभी राहणार म्हणजे राहणार.

११ मे

सासूबाईंनी कॅलेंडर काढलं. सोळाला शनिवार आणि अमावास्या! "पोरी, येडी झाली का? अवसेला कोन निघतं?" तिकीट बदलायचं नाही, असं हे ठाम. मग तोडगा निघाला — गुरुवारी चांगल्या वेळेला प्रस्थान ठेवायचं. म्हणजे सुपारी, तांदूळ, हळद बांधून शेजारी ठेवायचं, की आपण त्याच दिवशी निघालो असं धरतात. जाताना उचलायचं.

१४ मे

प्रस्थान शेजारच्या सविताकडे ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "नुसती सुपारी उडनार हाय का? तुझं खरं काहीतरी बांध." मी पासपोर्टच बांधला! काय डोकं चाललं माझं, वा!

१५ मे

सविताच्या दाराला कुलूप!!

बहिणीकडे इगतपुरीला गेली म्हणे. फोन लागत नाही. हे दारासमोर येरझाऱ्या घालताहेत. अनारसे बांधून झाले, डिंकाचे लाडू झाले, आणि पासपोर्ट कुलपात! मला रडू यायला हवं, पण सासूबाई देवापुढे बसून सविताला ज्या शिव्या देताहेत त्या ऐकून हसूच आवरत नाहीये.

नंतर — सविताचा फोन! गाठोडं तिच्याजवळच आहे. "वहिनी, प्रस्थान घरी ठेवून मी पुढे कशी जाणार? तेही पुढेच न्यायला हवं ना! इगतपुरी मुंबईच्या वाटेवरच आहे, उद्या हायवेला उभी राहते." बाई गं, तुझे पाय धरते!

१६ मे, विमानतळावर

उजाडता उजाडता सविता हायवेला हजर, गाठोडं पदराखाली धरून. हळदीने पासपोर्टचा कोपरा पिवळा झालाय. काउंटरवरच्या मुलीने वास घेतला आणि हसली. हे काचेपलीकडून अजून हात हलवताहेत.

विमानात

उडालो!!! ढग खाली! समोर नकाशावर छोटंसं विमान सरकतंय. शेजारच्या बाईंना तीनदा सांगून झालं, लेकीच्या बाळंतपणाला चाललेय. खिडकीला नाक लावून हसतेय वेड्यासारखी. वेदू, आलेच!

१७ मे, टोरंटो

विमानतळावर जावई एकटेच. डोळे लाल. मी त्यांचा दंडच धरला. "आई, दोघीही बऱ्या आहेत." मला कळायला वेळ लागला. मी पोचायच्या आधीच नात पोचली. वेदूचा हात नर्सने धरला होता.