पुढच्या खोलीतला पाट

प्रिय बेबीआत्या,

उद्या तुझी तिथ. तुझं वर्ष झाल्यानंतरचा हा पहिलाच पितृपक्ष. गेलेल्या माणसाच्या जागी आपण कोणाला तरी पाटावर बसवतो, पाय धुतो, पोटभर जेवू घालतो आणि त्याला पितर म्हणतो. तुझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून आईनं लग्न न झालेली एखादी मुलगी बसवायचं ठरवलं. आणि अकोल्यातल्या आपल्या एवढ्या मोठ्या गल्लीत तुझ्या जागी बसायला एकही मुलगी मिळाली नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

काल आई आधी शेजारच्या वंदनाकाकूंकडे गेली. मी सोबत होते. काकू अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या.

"पूजाले पाठवता काय उद्या? बेबीचं पितर आहे," आई म्हणाली.

"उद्या? उद्या तिचा क्लास असते."

"दुपारचं तं आहे."

काकूंनी लसूण खाली ठेवला. "हे पाय सुमन, राग नको मानू. वडे तळायले मी येतो, पुऱ्या लाटून देतो. पण पोरीले त्या पाटावर नको. तिचं पाहणं चालू आहे. उद्या कोणी म्हणन, त्या पागल बाईच्या जागी बसली होती."

आई "बरं" म्हणाली.  पुढच्या घरांत पागल हा शब्द कोणी काढला नाही, पण एका घरी मुलगी मामाकडे गेली होती आणि एका घरी तिला ताप होता.

पूजाला बाराखडी कोणी शिकवली, आत्या? मला आणि तिला समोरासमोर बसवून सुपात ज्वारीचे दाणे ओतायचीस, आणि बोटानं सरकवून अ काढायचीस, आ काढायचीस. चुकलं की सूप हलवायचं, अक्षर पुसलं. "चुकलं तं चुकलं, दाने कुठी जाते काय?" असं म्हणायचीस. अमरावतीला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तू आजारी पडून परत आलीस, हे आम्हाला तेव्हा कुठं माहीत होतं? माझी पहिली शाळा तू होतीस. मग गल्लीत तुझ्या गोळ्यांची गोष्ट पसरली आणि पूजा यायची बंद झाली.

त्या गोळ्यांनीच तुला ऐकू येणारे आवाज थांबले होते. मधे एकदा गोळ्या सुटल्या तेव्हा त्रास झाला, पण त्यानंतर कितीतरी वर्षं तू आमच्यासारखीच होतीस. भाजी निवडायचीस, रेडिओ ऐकायचीस, बाबांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावायचीस. मग मागच्या खोलीतच का राहिलीस? तुला "जा" असं कोणी कधी म्हटलं नाही. बाहेर चपला वाजल्या की आई फक्त तुझ्याकडे पाहायची, आणि तू उठायचीस. तू भांडली का नाहीस गं? एकदा तरी भांडायचं होतंस.

आम्ही चिखलदऱ्याला गेलो तेव्हाही तुला मागे ठेवलं. गाडीत जागा नाही असं बाबा म्हणाले. जागा होती. माझ्या शेजारी दोन पिशव्या ठेवल्या होत्या. परत आल्यावर तू एवढंच विचारलंस, "थंडी होती काय वं तिथं?"

आणि अमरावतीचे पाहुणे मला पाहायला आले तो दिवस. निखिलच्या आईनं सहज विचारलं, "मुलीला आत्या किती?" बाबा म्हणाले, "नाही, मी एकटाच." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. तुझ्या-माझ्यामधे फक्त एक दार होतं. त्या दाराकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

ते गेल्यावर तुझं ताट घेऊन मागे आले. वाटलं, आता रडशील, बाबांना बोलशील. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "खोकला आला होता वं लय. दाबला मी. आयकू नाही ना गेला त्यायले?"

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगू तरी काय?

निखिलशी माझं लग्न ठरलं, आणि पुढे त्याचे आजोबा गेले. त्यांच्या घरच्यांनी सगळ्यांना कळवलं, लग्न वर्षभर पुढं, यंदाच्या दिवाळीनंतर नेलं, घरात गोडधोड केलं नाही. त्याच पावसाळ्यात चार दिवसांच्या तापानं तू गेलीस. तुझ्या तेरवीला घरातली माणसं सोडून कोणी नव्हतं. दुपारी निखिलचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज ऐकून त्यानं विचारलं, "काय आहे घरी?" मी म्हणाले, "सत्यनारायण आहे." बाबा खोटं बोलले ते माझ्यासाठी. मी कोणासाठी बोलले?

काल रात्री जेवताना आई म्हणाली, "आता बिनलग्नाची कोण राहिली?" आणि तिथंच थांबली. बाबांनी मान वर केली नाही. मी पाणी आणायला उठले. तांब्या भरलेला होता, आत्या.

मी बसते असं लगेच का म्हणाले नाही, त्याचं तुला कारण सांगते. सबब म्हणून नाही. मी दाराची कडी लावते, परत जाऊन पाहते, पुन्हा पाहते. गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येते. आई चिडून म्हणते, "बेबीवानी नको करू." तेव्हापासून मला एकच धास्ती आहे, की मी तुझ्यासारखी निघेन. त्या पाटावर बसले तर जणू ते ठरूनच जाईल. वंदनाकाकूंना काय नावं ठेवू? त्यांच्या मनात होतं तेच माझ्याही मनात होतं. त्यांना निदान तू लिहायला शिकवलेलं नव्हतंस, मला शिकवलं होतंस.

आज दुपारी निखिलला फोन केला. मला एक आत्या होती, त्या दिवशी ती दारामागेच बसली होती, तिला मानसिक आजार होता, आणि तिच्या तेरवीच्या दिवशी मी त्याच्याशी खोटं बोलले, असं सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "एवढं लपवलं काहून?" "भीती वाटत होती," मी म्हणाले. "आईशी बोलतो. मले थोडा वेळ दे," म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. पुढं काय होईल मला माहीत नाही. 

मग आईला सांगितलं, उद्या मी बसते.

"घरचं मानूस बसत नाही वं."

"बाहेरचं कोणी येत नाही."

"अन् अमरावतीले समजलं तं?"

"मी सांगितलं त्यांना."

 "तुहं लग्न..." आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.  बाबा उठले, माळ्यावरचा शिसवी पाट काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि पुढच्या खोलीत, दाराच्या अगदी समोर नेऊन ठेवला.  परत जाताना त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडं टाकलं.

तर उद्या तू पुढच्या खोलीत जेवशील, आत्या. वडे, खीर, कढी, सगळं गरम. रस्त्यावरचं दार मी लावू देणार नाही. ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. यापुढे कोणीही विचारलं, तर मला आत्या होती, आणि तिनं मला लिहायला शिकवलं, असंच सांगेन, मग समोर कोणीही असो.

आणि उद्या जेवताना खोकला आला, तर दाबणार नाही.

तुझी,
रेणू