वनिता फार्मस्टेची ऑनलाइन प्रसिद्धी

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.
नवीन वही. रसायनीच्या कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं, पण लेखन म्हणून गेटपास सोडून हातून काही झालं नाही. स्वेच्छानिवृत्तीला तीन महिने झाले. आता होणार.

बायकोनं, म्हणजे वनितानं, घरामागं तीन खोल्या बांधून फार्मस्टे सुरू केला त्याला चार वर्षं झाली. राबते बिचारी, पण प्रसिद्धीचं तिला अंग नाही. पाहुणे येतात ते जुन्या पाहुण्यांच्या ओळखीनं. याला काय धंदा म्हणतात? म्हणून आजपासून प्रमोशन विभाग माझ्याकडे. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वेबसाइट तयार आहे. कर्जतला स्वप्नीलचा कॉम्प्युटर क्लास आहे, त्यानं करून दिली. आठ दिवसांत चार जणांनी पाहिली, त्यातले तीन वेळा मी. स्वप्नील म्हणाला, काका, नुसती साइट असून चालत नाय, ऑनलाइन लेख टाकायचे, लेखाखाली आपली लिंक द्यायची, मग ट्रॅफिक येतो.

संकल्प : रोज पहाटे साडेपाचला उठून एक लेख.

६ जानेवारी.
सव्वानऊला उठलो. थंडी फार.

८ जानेवारी, बुधवार.
नेटवर एक लेख सापडला. लेख लिहून वेबसाइटची प्रसिद्धी करताना लोक काय काय चुका करतात त्यावर. एकूण अकरा चुका. सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवल्या. नीट पाहिलं तर त्यातल्या सात मला लागूच होत नाहीत.

तेजश्री खालापूरहून कामावरून आली. पाण्याची बाटली काढताना यादी वाचून म्हणाली, बाबा, दहावी बघा, लेख टाकायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. मी म्हणालो, ती नवशिक्यांसाठी आहे. मुलगी हुशार आहे पण वडिलांवर विश्वास कमी.

११ जानेवारी.
पहिला लेख पूर्ण. चारशे शब्द. त्यात 'कर्जत फार्मस्टे' त्रेपन्न वेळा बसवला. गूगलला विसरता येणार नाही.

वनिताला वाचून दाखवला. ती आणि चिंधी भाकऱ्या करत होत्या. (चिंधी वरच्या वाडीतली. पाहुणे असले की सकाळी येते. तिच्यासारखी तांदळाची भाकरी तालुक्यात नाही.) वनितानं विचारलं, अवो, यात माणसं झोपतात कुठं? संडास कुठंय? जेवायला काय मिळतं? मी म्हणालो, तो तपशील झाला. ती म्हणाली, लोकं फोनवर तेवढंच विचारतात. चिंधी खाली मान घालून हसत होती. लेखकानं स्वयंपाकघरात वाचन करू नये.

१४ जानेवारी, संक्रांत.
एका साइटच्या संपादकानं लेख परत पाठवला. हा लेख नसून जाहिरात आहे, म्हणे. आणि तोच तोच शब्द फार वेळा आला आहे. चौकशी केली तर संपादक पुण्याचा निघाला. मग काय बोलायचं.

१७ जानेवारी.
तोच लेख एकतीस साइटवर टाकला, खाली आपली लिंक आणि घरचा फोन नंबर. जिथं कुणी वाचून बघत नाही अशा साइट निवडल्या, मत्सराला वावच नाही. एकच लेख सगळीकडे टाकू नये, ही यादीतली तिसरी चूक. पण मी दोन ठिकाणी शीर्षक बदललं आहे.

लेखकाच्या परिचयात 'आंतरराष्ट्रीय पर्यटन सल्लागार' असं दिलं, सोबत स्टोअरमधला टाय लावलेला फोटो. खोटं नाही. कंपनीच्या सहलीबरोबर नेपाळला जाऊन आलो आहे, आणि बसमध्ये सगळे मलाच विचारत होते.

२९ जानेवारी.
फोन येऊ लागले. कालपासून पाच. सगळे कर्जत आणि खोपोलीचे जमिनीचे एजंट. फार्मस्टे विकायचाय ना, जागा किती, रस्त्याला लागून आहे का. एक जण तर गाडी घेऊन आला आणि आंब्यापासून कुंपणापर्यंत पावलं टाकून गेला. वनिता भडकली. मी समजावलं की नाव झालं की गिऱ्हाईक चालून येतं, हे यशाचं लक्षण आहे. ती म्हणाली, मग राहायला का कोन येत नाय?

मी आत जाऊन पुढच्या लेखाचा विषय काढायला बसलो.

९ फेब्रुवारी, रविवार.
चूक कळली. माझी नव्हे, विषयाची. फार्मस्टे सगळ्यांकडे आहे. वाचकाला असं काही द्यावं जे दुसऱ्याकडे नाही. आंघोळ करताना आठवलं : वाडीच्या वरचा झरा! कातळातून पाणी येतं, खाली दगडी कुंड, उन्हाळ्यातही आटत नाही. मी शेवटचा गेलो त्याला पंधरा वर्षं झाली असतील, पण झरा कुठं जातोय.

दोन तासांत लेख. मथळा : 'कर्जतजवळचा कुणालाच माहीत नसलेला झरा'. कशेळ्यावरून कुठं वळायचं, गाडी कुठं लावायची, कुठल्या चिंचेपासून पायवाट फुटते, सगळं दिलं. माहिती मोघम नको, असं यादीतच आहे. सातवी. काही वाक्यं तर अशी उतरली की दोनदा मोठ्यानं वाचली.

वनितानं विचारलं, वाडीत इचारलंत का? म्हणालो, निसर्गाला कुणी विचारून पाहतं का. एकतीसही साइटवर टाकला.

१६ फेब्रुवारी.
दोनशे बारा जणांनी वाचला. मी फक्त नऊ वेळा.

२७ फेब्रुवारी.
अठ्ठेचाळीस हजार! कुणीतरी माझ्या लेखावरून व्हिडिओही केला आहे. नाव दिलेलं नाही, पण वाक्यं माझीच. उद्यापासून इस्त्रीचा शर्ट. रजिस्टर तयार ठेवलं.

२ मार्च, रविवार. दुपारी ४.
सकाळपासून व्हरांड्यात रजिस्टर घेऊन बसलो. रस्त्यावरून गाड्याच गाड्या. मुंबई, ठाणे, पनवेल. स्वप्नीलचा ट्रॅफिक खरोखरच आला. सगळ्या गाड्या वरच्या वळणाकडे गेल्या.

आपल्याकडे दोन थांबल्या. एकीतल्या बाईंना संडासला जायचं होतं. दुसरीतल्या माणसाला झऱ्याची वाट पाहिजे होती. मी स्वतः वळणापर्यंत जाऊन दाखवली. राहायचं विचारल्यावर म्हणाला, नको, संध्याकाळी परत.

हरकत नाही. आधी ओळख, मग मुक्काम.

चिंधी तीन दिवस आलेली नाही. वनिता एकटीच चुलीपुढे. निरोप नाही, काही नाही. या लोकांचं असंच.

४ मार्च, मंगळवार.
चिंधी दुपारी आली. पायरीवर बसली. वनितानं चहा दिला तो तसाच ठेवला.

म्हणाली, दादा, झऱ्यावर मानसं येतात. कुंडात उतरून साबन लावून आंघोळी करतात. आमी सांगतो, पियाचं पानी हाय, तर हसतात. पाण्यावर फेस हाय, शांपूच्या पुड्या हायत, काचा हायत. बाया खालच्या बोरिंगला येतात, जायला यायला दीड तास. आमच्या शेजारच्या शुक्राच्या पोरीला जुलाब लागले, कशेळ्याला दवाखान्यात सलाईन लावलीय.

मग म्हणाली, मानसं सांगतात, कुनीतरी मोबाईलमदी लिवलंय. दादा, तुमी कंप्यूटरवर बसता, तुमाला कळंल. कोन हाय त्याला सोधा नि सांगा, काडून टाक म्हणावं.

मी म्हणालो, शोधतो.

वनिता दारात उभी होती. गार झालेला चहा उचलून आत गेली. माझ्याकडे पाहिलं मात्र.

५ मार्च.
काढून टाकायचा एवढंच. दहा मिनिटांचं काम.

५ मार्च. संध्याकाळी ६.
पहिल्या साइटचा पासवर्ड आठवेना. नवा मागितला तर म्हणे तुमच्या मोबाइलवर आकडा पाठवला आहे. सगळीकडे दिलेला तो नंबर कंपनीचा. सिम जानेवारीअखेर कंपनीला परत केलं. कंपनीत फोन लावला, ते सिम आता रूपेशकडे. माझ्या जागी आलेला मुलगा. रूपेश म्हणाला, साहेब, तुमच्या साइटवाल्यांचे मेसेज सारखे येत होते, मी फ्रॉड समजून गेल्याच आठवड्यात नंबर बदलून घेतला.

३१ पैकी ० साइट साफ.

६ मार्च.
सकाळी कर्जतला स्वप्नीलकडे. तो बराच वेळ स्क्रीन खाली ढकलत राहिला. मग म्हणाला, काका, तुमी एकतीस ठिकाणी टाकलात, आता शंभरच्या वर ठिकाणी हाय. हिंदीत हाय, इंग्रजीत हाय. हे नाय निघायचं. सगळ्या साइटना ईमेल लिहा, बघा कोण ऐकतंय.

सगळ्यांना पाठवले. एक उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं.

८ मार्च.
मार्ग सापडला. लेखाला लेखानंच उत्तर. 'कर्जतजवळच्या त्या झऱ्यावर कृपया जाऊ नका'. या वेळी अगदी कळकळीनं लिहिलं. वाडी, बाया, हंडे, शुक्राची पोरगी, सगळं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. नवीन नंबरावरून नवीन खातं उघडलं. लेखक म्हणून स्वतःचं नाव घालणार होतो, पण 'एक निसर्गप्रेमी' जास्त शोभलं.

१० मार्च.
त्रेसष्ट हजार जणांनी वाचला. खाली प्रतिक्रिया चारशेच्या वर. बहुतेक 'लोकेशन पाठवा'.

११ मार्च.
तेजश्रीनं कामावरून आल्यावर पहिल्यांदाच माझे लेख उघडून पाहिले. एकेका लेखाखालच्या लिंकवर बोट ठेवत गेली. मग म्हणाली, बाबा, ही लिंक आपली नाय. मी स्पेलिंगमध्ये एक अक्षर गाळलं होतं. एकतीसही ठिकाणी. त्यावर बोट ठेवलं की इंग्रजीत पाटी येते, हे नाव विकायला काढलं आहे. म्हणून ते एजंट.

म्हणजे आमच्या साइटवर कुणी आलंच नाही. तेजश्रीनं आकडा काढून दाखवला. दोन महिन्यांत सव्वीस. त्यातले माझे किती, ते तिनं विचारलं नाही.

आईला सांगू का, असं तेजश्री म्हणाली. मी म्हणालो, योग्य वेळ आली की मीच सांगेन. योग्य वेळेवर माझा अजून विश्वास आहे.

१४ मार्च, धुळवड.
सकाळी नऊपासून गाड्या. दुपारी वळणापर्यंत जाऊन आलो. झऱ्यावरून ओढ्याला येणारं पाणी गुलाबी होतं. परत आलो.

१६ मार्च, रविवार.
वनिता सकाळी वाडीवर जाऊन आली. आल्यावर पाय धुतले आणि फोन घेऊन ओटीवर बसली. एकेका पाहुण्याला सांगत होती, पाऊस पडेपर्यंत बंद हाय. विहीर आपली लहान. वाडीच्या बायांना पाणी द्यायचं तर पाहुण्यांच्या आंघोळी परवडत नाहीत. बोरिंगपेक्षा आपली विहीर त्यांना जवळ, म्हणून तिनं आजपासून या म्हणून सांगितलं.

मी म्हणालो, प्रमोशनच्या दृष्टीनं अशा मोक्याच्या वेळी बंद ठेवणं बरोबर नाही. तिनं पुढचा नंबर लावला.

मग खोल्यांच्या गाद्या एकटीनं गुंडाळून ठेवल्या. मी टोक धरायला गेलो, तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या. चार वर्षांत फार्मस्टे एक दिवस बंद नव्हता. तिच्या बापाच्या तेराव्यालासुद्धा तिनं पाहुण्यांना डबे धाडले होते.

१९ मार्च.
शुक्राची पोरगी घरी आली. बरी आहे. हे चांगलं झालं. संध्याकाळी चिंधी हंडा भरून निघताना थांबली. विचारलं, दादा, सापडला का त्यो? मी म्हणालो, तपास चालू आहे. असे लोक नाव लपवतात. ती म्हणाली, तुमाला लय तरास.

जेवण गेलं नाही. वांग्याची भाजी होती.

२३ मार्च, रविवार. दुपारी १.
वाडीच्या माणसांनी वळणावर आडवा बांबू बांधला आहे. सकाळी वनिता म्हणाली, तुमाला बोलता येतं ना, मग तिथं जाऊन बोला. शुक्रा होता, चिंधी होती, आणखी तीन बाया हंडे घेऊन विहिरीकडे उतरत होत्या, त्या थांबल्या. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पहिल्या चार गाड्या परत पाठवल्या. मला वाटतं मी चांगला बोललो. पाचवीतून चष्मेवाला तरुण उतरला. सभ्य होता. त्याला सांगितलं, वर वाडी आहे, सत्तावीस घरं, त्यांचं पिण्याचं पाणी आहे. तो म्हणाला, काका, तसं काही नाहीये, तुम्ही लोक उगाच अडवता. मोबाइल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, 'या झऱ्याच्या आसपास मैलोन् मैल मनुष्यवस्ती नाही'.

वाक्य माझंच. नऊ फेब्रुवारीचं. दोनदा मोठ्यानं वाचलेल्यांपैकी.

शुक्रा म्हणाला, मग आमी कोन? तो तरुण म्हणाला, तज्ज्ञ माणसानं लिहिलंय, आंतरराष्ट्रीय आहे तो. आणि बांबूखालून वाकून गेला. मागून त्याच्या गाडीतले बाकीचे गेले. शुक्रानं अडवलं नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मी बांबूची दोरी आवळली.

जाताना त्यांच्यातल्या शेवटच्या मुलीनं मोबाइल माझ्यापुढं धरला, वाचा ना तुम्हीच. चिंधी जवळ आली. पडद्यावर झऱ्याचा फोटो, मजकूर, आणि मजकुराखाली लेखकाचं नाव आणि फोटो. फोटो स्टोअरमधला, टाय लावलेला. तिला वाचता येत नाही. फोटो लहान होता. तिनं डोळे बारीक केले आणि विचारलं, दादा, त्योच का ह्यो? नाव काय लिवलंय?

मी म्हणालो, चष्मा घरी राहिला.

चष्मा नाकावर होता. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग वाकली, हंडा उचलला, चुंबळीवर ठेवला आणि बाकीच्या बायांबरोबर आमच्या विहिरीकडे उतरून गेली.