दररोज चार मिलिमीटर

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
बॉनेट उघडलं. कूलंट खालच्या रेघेच्याही खाली. दोनच आठवड्यांपूर्वी भरलं होतं. गाडी डिझेल, पंधराव्या वर्षात, एक लाख बासष्ट हजार किलोमीटर. गाडीत दोष नाही. कुठूनतरी पाणी जातंय, एवढंच.
एप्रिलमध्ये व्हीआरएस घेतल्यापासून सिंधूला म्हैसूरमधल्या गोकुलमहून नंजनगूडला सोडणं आणि संध्याकाळी आणणं माझ्याकडे आहे. ती तिथल्या औषध कंपनीच्या लॅबमध्ये. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. मधल्या वेळेत मी इतर कामं करतो.
वाटेत सिंधू म्हणाली, गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली तर मी ट्रेनने जायला लागेन. लॅबमधली नव्या रोज ट्रेननेच येते, बसायला जागा मिळते, गप्पा होतात. मी म्हणालो, कबूल. प्रश्नच येत नाही.
तिच्या पायाखालची मॅट ओली आहे, असंही म्हणाली. एसीचं पाणी असेल म्हणालो. जानेवारीत एसी कोण लावतं, असं तिने विचारलं. मग तिची बाटली. झाकण नीट लावत जा म्हणून सांगितलं.
निर्धार: आठवड्याभरात निदान. गॅरेजची पायरी न चढता.

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७.०५
काल टाकीवर मार्करने खूण केली होती. आज चार मिलिमीटर खाली. इंजिन थंड, गाडी सपाट जमिनीवर. मोजणी चोख.
यादी केली. रेडिएटरचं झाकण. होज पाइप. वॉटर पंप. हेड गॅस्केट. हीटरही लिहिला होता, खोडला. म्हैसूरमध्ये चौदा वर्षांत हीटर एकदाही लावलेला नाही. जे वापरलंच नाही ते बिघडेल कसं.
सिंधूने मॅट पांढऱ्या फडक्याने पुसली आणि फडकं बराच वेळ उजेडात धरून बघत बसली. दिवसभर लॅबमध्ये तेच करते. सवय.

८ जानेवारी, गुरुवार
रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली. सकाळी सगळी कोरडी. म्हणजे बाहेर गळती नाही. म्हणजे आत. आत म्हणजे इंजिन.
धुराड्यातून पांढरा धूर येतो का पाहिलं. येतो. मग कोपऱ्यावर उभा राहून इतरांचा पाहिला. पहाटेच्या थंडीत सगळ्यांचाच येतो. योगाच्या क्लासला चाललेली एक परदेशी बाई माझ्याकडे पाहून नमस्ते म्हणाली. मी वाकून सायलेन्सर पाहत होतो. तिला आसन वाटलं असावं.

९ जानेवारी, शुक्रवार
नवीन झाकण बसवलं. प्रश्न संपला. सिंधूला सांगितलं. ती म्हणाली, पाय चिकट होतात. चप्पल बदल म्हणालो.

१२ जानेवारी, सोमवार. रात्री
शनिवार-रविवार गाडी बंद होती. पातळी हलली नाही. आज सोडून आल्यावर, गार झाल्यावर मोजली: चार मिलिमीटर. म्हणजे चालतानाच पितेय.
संध्याकाळी आणायला निघण्याआधी गॅरेजवाल्या मल्हाररावांकडे गेलो. फक्त मत घ्यायला. त्यामुळे निर्धार मोडत नाही. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. बॉनेटखाली न बघता ते म्हणाले, अय्यो सर, इंजिन चांगलं आहे की. आवाजच सांगतंय. तुमच्या शेजारी बसतंय कोण? मॅडम? त्यांना घेऊन या. सुम्ने, सहजच दोन प्रश्न विचारतो.
मी सांगितलं, त्यांना गाडीतलं काही कळत नाही.
काय शिकल्यात, त्यांनी विचारलं.
एम.एस्सी. केमिस्ट्री, मी म्हणालो.
हौदा, म्हणजे असं होय, एवढं कन्नडमध्ये म्हणून ते हात पुसायला लागले. माणूस चांगला, पण जुन्या पद्धतीचा.

१६ जानेवारी, शुक्रवार
गाडीत गोडसर वास. संक्रांतीची एळ्ळू-बेल्लची, म्हणजे इकडच्या तीळगुळाची पाकिटं सिंधूने लॅबमध्ये वाटायला नेली होती. गुळाचाच वास. ती म्हणाली, पाकिटं कालच संपली. गुळाचा वास राहतो, हे तिला माहीत नसावं.
ग्लव्ह बॉक्समध्ये तिच्या होमिओपॅथीच्या बाटल्या जमत चालल्यात. आज चार. काय होतंय विचारलं नाही. माणसाला स्वतःची अशी जागा लागते.
पाच मिलिमीटर.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.४०, घरी
शांतपणे लिहितोय.
वाटेतल्या कडकोळ्याच्या पुढे समोरची काच आतून धुरकट झाली. हाताने पुसली, तर तेलकट. आणखी धुरकट. सिंधूला म्हणालो, जरा कमी बोल, वाफ धरतेय. ती म्हणाली, मी बोलतच नाहीये. खरं होतं. ती शुक्रवारपासूनच फारसं बोलत नाही.
मग ती म्हणाली, समोर ट्रॅक्टर आहे. मला दिसत नव्हता. ती पुन्हा म्हणाली, दिलीप, ट्रॅक्टर. उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही. ब्रेक लावला. उसाची टोकं काचेपासून हातभर. ऊस पुढे गेला.
तापमानाचा काटा लाल रेघेकडे चाललेला. कपिला नदीच्या पुलाआधी गाडी कडेला घेतली. सिंधू म्हणाली, पाय भाजतायत. तिच्या पायाशी थोडी वाफ होती. दव असेल. तिने पाय सीटवर घेतले, ग्लव्ह बॉक्स उघडला, बंद केला, उतरली आणि रिक्षा केली. जाताना मागे वळून म्हणाली, इंजिन गार होईपर्यंत झाकण उघडू नकोस.
नोंद: गाडी बंद पडली नाही. मी थांबवली. फरक आहे. संध्याकाळी सांगेन.

२० जानेवारी, मंगळवार
फरक सांगितला. तिने ऐकून घेतला. सकाळी ट्रेनने गेली. स्टेशनपर्यंत सोडतो म्हणालो. नको म्हणाली, शेजारच्या शरण्याच्या स्कूटरवर गेली.
७.१० ते ८.५०: मोकळा.

२२ जानेवारी, गुरुवार
निष्कर्ष पक्का. हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागणार. तीन आठवडे लागतील. मनाची तयारी झाली आहे. गाडी हळूहळू मल्हाररावांकडे नेली, दोनदा थांबून. ते म्हणाले, खोलतो की. पण मॅडम आल्याशिवाय एक बोल्ट काढणार नाही.

२४ जानेवारी, शनिवार
सिंधू गॅरेजवर आली. स्कूटरवरून.
मल्हाररावांनी विचारलं, बाई, बसल्यावर पाय ओले होतात?
ती म्हणाली, पाच तारखेपासून.
तिने ग्लव्ह बॉक्स उघडला. पाच बाटल्या काढून बॉनेटवर ओळीने ठेवल्या. प्रत्येकीवर लेबल. तारीख, वेळ, मॅट, डावी बाजू. तिचं लॅबमधलं अक्षर. ६, ९, १३, १६, १९. शेवटच्या बाटलीवर: पाण्यातून वाफ. पाय भाजले. मल्हाररावांनी एक उचलून कूलंटच्या टाकीशेजारी धरली. तोच हिरवा.
हीटर, ते म्हणाले. लावा, न लावा, पाणी तिथूनच फिरतंय, सर. आतली जाळी गेली. स्वल्प पाइप घालून बायपास करतो.
वीतभर पाइप. वीस मिनिटं. दोघं कन्नडमध्ये काहीतरी बोलले आणि हसले. मला कन्नड कळतं. तेव्हा नेमकं लक्ष नव्हतं.
मी सिंधूला विचारलं, आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगितलं. मग बाटल्या का ठेवल्या. ती म्हणाली, तू विचारशील म्हणून.
नोंद: गळती आतच होती. हे मी ८ तारखेलाच लिहिलंय.

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७.००
पातळी बरोबर रेघेवर. एक मिलिमीटरही कमी नाही. सिंधूला बॉनेटपाशी बोलावून दाखवली. छान, म्हणाली.
उद्यापासून नंजनगूडला नेहमीसारखं, असं म्हणालो. तिने पर्समधून पास काढून दाखवला. महिन्याचा. संपल्यावर बघू, म्हणाली. स्टेशनपर्यंत सोडायला हरकत नाही, असंही म्हणाली.
सोडलं. साडेतीन किलोमीटर, अकरा मिनिटं. ती मागे बसली, पुढची मॅट गच्चीवर वाळत असल्यामुळे. काटा मध्यावर. काच स्वच्छ. स्टेशनच्या दारात नव्या उभी होती. सिंधूने तिला लांबूनच हात केला आणि बोलायला सुरुवात केली.
परत येऊन गाडी लावली. डावीकडचं दार उघडलं, सीटच्या पुढे हात घालून पूर्ण चाचपून पाहिलं.
कोरडं.