सगळ्यात नवी खूण

२ सप्टेंबर

आले एकदाची. टेम्पोवाल्याने कपाट उतरवताना दाराच्या चौकटीचा टवका काढला, एवढं सोडलं तर सगळं निर्विघ्न पार पडलं. घर लहान आहे. पुढची खोली, मागची खोली आणि मध्ये अंग चोरून उभं असलेलं स्वयंपाकघर. मागच्या खिडकीखालून कालवा वाहतो, तो पुढे समुद्राला मिळतो. पाणी हिरवट आहे, पण वास नाही.

घरमालकीण वरच्या मजल्यावर राहतात. मी मॅडम म्हणायला गेले तर म्हणाल्या, काकू म्हण, मॅडम म्हटलं की मला तपासणी आल्यासारखं वाटतं. काकांना अर्धांगवायू झालाय. त्यांचा पलंग रस्त्याकडच्या खिडकीला लावलाय, तिथून त्यांनी माझं सगळं सामान उतरताना पाहिलं. माझ्याकडे भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आहेत, असा त्यांचा शेरा काकूंनी खाली पोचवला.

उद्यापासून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम. खोली एवढीशी आहे की गिऱ्हाइकाचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागणार.

संध्याकाळी ताईचा फोन आला. एवढा डोंगर सोडून पाण्याच्या काठाला घर कुणी घेतं का, हे तिने तीनदा विचारलं. भावजी धरणावर नोकरीला आहेत, त्यामुळे ती लेकीला, छोटीला घेऊन धरणाखालच्या वसाहतीत राहते. पाण्याची भीती मला कोण दाखवतंय बघा, असं मी म्हटलं तेव्हा कुठे हसली.

६ सप्टेंबर

इथे ओळखीचं कुणी नाही, म्हणून एका जुन्या हौसेला हवा दिली. ‘वादळवाटा’ नावाचा एक ऑनलाइन गट आहे. जगात कुठेही चक्रीवादळ उठलं की ही मंडळी उपग्रहाची चित्रं बघत, पुराचे आकडे टाकत, पैजा लावत बसतात. मी कालच आत शिरले आणि आज दुपारचा डबा फोनकडे बघतच संपवला.

गट चालवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणतात. तो जहाजावर होता म्हणे. बोलतो थोडं, पण बोलला की सगळे गप्प. एक ‘बेडूक’ आहे, तो प्रत्येक वादळाला जावयासारखं वागवतो: आले का, जेवले का, कधी जाताय. एक ‘शिंपला’ म्हणून बाई आहेत. कुठल्याशा बंदराच्या गावी शाळेत शिकवतात. सध्या एक मोठं वादळ त्यांच्याच गावाच्या रोखाने येतंय, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे.

कप्तानाने माझं स्वागत केलं आणि गटाच्या नकाशावर घराची खूण लावायला सांगितलं. सगळ्यांच्या खुणा आहेत तिथे, त्याची स्वतःची मात्र दिसली नाही. मी नकाशा मोठा करत करत अगदी आमच्या छपरावर खूण ठेवली.

लगेच शिंपलाबाईंनी लिहिलं, बरं झालं बाई तुम्ही आलात, आता मला झोप लागेल.

दारात वादळ असताना बाईंना कसली झोप, कोण जाणे. मी हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं.

१० सप्टेंबर

शिंपलाबाईंचं गाव वाचलं. वादळ किनाऱ्याच्या तोंडाशी येऊन थबकलं, आणि दार चुकलेल्या माणसासारखं मागे फिरलं. हवामान खात्याला काही सांगता येईना. त्यांच्या नकाशावरच्या अंदाजाच्या रेषा आता उसवलेल्या दोऱ्यांसारख्या चहूकडे पसरल्यात.

मी बाईंचं अभिनंदन केलं. त्यांनी नुसतं ‘हो’ लिहिलं. बाकीचेही एरवीसारखे चेकाळले नाहीत. बेडकाने फक्त लिहिलं, झालं तर मग.

दुकानात चांगलं चाललंय. आज एका आजोबांना नवा चष्मा दिला. बायकोकडे नीट पाहून ते म्हणाले, तू एवढी म्हातारी कधी झालीस. आजींनी चष्मा परत करायला सांगितला.

१५ सप्टेंबर

नकाशावरचे दोरे पुन्हा एकत्र येतायत. आमच्या बाजूला.

अजून फार लांब आहे, असं दुकानाचे मालक म्हणतात. या किनाऱ्यावर त्यांच्या आठवणीत कधी वादळ आलेलं नाही. ऊन लख्ख आहे. पण कालव्याचं पाणी चढलंय. पाऊस नाही, भरती नाही, तरी मागच्या पायरीला लागलंय. मोरीतून गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. काकूंनी प्लंबरला बोलावलं, त्याने तासभर नळीत तार घातली आणि काही अडकलेलं नाही म्हणून निघून गेला.

गटात मात्र उत्साह. कुणी मला वाऱ्याचा वेग विचारतं, कुणी कालव्याचे फोटो मागतं. कप्तान म्हणाला, खिडकीतून जेवढं दिसेल तेवढं कळवत राहा. नोकरीला ठेवल्यासारखं.

आज तपासताना एका बाईंना चुकीची भिंगं लावली. दोनदा.

१७ सप्टेंबर

चैन पडेना म्हणून सकाळी गटातले जुने निरोप मागे मागे जात वाचले. शिंपलाबाई गटात आल्या आणि बेडकाच्या गावाकडे निघालेलं वादळ त्यांच्याकडे वळलं. त्याच्याआधी बेडूक नवा होता. तेव्हा आधीचं एक वादळ अर्ध्यावरून माघारी येऊन त्याच्या गल्लीत शिरलं, बाजारपेठ वाहून गेली. त्याच्याआधी कुणी ‘पतंग’ होता. त्याच्यानंतर लगेच कुणी नवा आला नाही. पतंगाचा शेवटचा निरोप पाण्याच्या फोटोचा आहे. त्याची खूण अजून नकाशावर आहे. समुद्रात.

शिंपलाबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज अगदी शाळेतल्या बाईंचा, समजावून सांगणारा. म्हणाल्या, जो सगळ्यात नवा, त्याच्याकडे ते जातं. का, ते कुणालाच माहीत नाही. पळून उपयोग नाही, त्यांनी गाव सोडून बघितलं होतं. त्या जिकडे गेल्या तिकडे रेषा वळली, मग लेकरांच्या शाळेजवळ तरी नको म्हणून त्या गावाबाहेर किनाऱ्यावरच फिरत राहिल्या.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलं.

मग म्हणाल्या, मी तुम्हाला बोलावलं नव्हतं हो. तुम्ही आपणहून आलात. मी फक्त कुणीतरी यावं म्हणत होते.

आणि रडायला लागल्या. मीच त्यांची समजूत काढली.

१९ सप्टेंबर

खूण काढली. पुन्हा उमटते. गट सोडला. पुन्हा आत. फोन बंद करून ठेवला तर दुकानातल्या टीव्हीवर तीच रेषा, थेट आमच्या गावावर.

बेडकाचा निरोप आला, या वेळी त्यात थट्टा नव्हती. कुणाला तरी आणा, ताई. जवळचं नको, जिवाला लागतं. कुणीतरी परकं बघा.

दुपारी एक गृहस्थ आले. खोटी डोळेदुखी घेऊन दर आठवड्याला येतात, मुलीला फुकट चष्मा मागतात, मालकांना अरेतुरे करतात. माझ्या फोनवर नकाशा बघून म्हणाले, अरे वा, मलाही यात भारी रस आहे, मला घ्या की. मी आमंत्रण लिहिलं. त्यांचा नंबर घातला. बोट ठेवायचं तेवढं राहिलं होतं. त्यांची मुलगी बाहेरच्या बाकावर बसून आरशात चष्म्याची एकेक चौकट लावून बघत होती, आणि प्रत्येकीत स्वतःलाच हसत होती.

पुसून टाकलं. ते म्हणाले, काय झालं. मी म्हटलं, रेंज नाही.



२१ सप्टेंबर

सगळ्यांना गाव सोडायला सांगितलंय. रस्त्यावर गाड्यांची रांग. काकू जात नाहीत. काकांना हलवायला रुग्णवाहिका हवी, ती मिळत नाही. काकू शांतपणे ताकाची... नाही, औषधाची बाटली धूत होत्या. मला काय लिहितेय तेच कळत नाही. म्हणाल्या, तू तरुण आहेस, निघ. मी निघाले तर ते माझ्यामागे येईल आणि यांचा जीव वाचेल, हे त्यांना कसं सांगू. सांगितलं तर वेड लागलं म्हणतील. आणि निघायचं तरी कुठे? जिथे जाईन तिथे कुणाचं तरी घर असणार.

ताई सारखी फोन करतेय. मी उचलत नाही. आवाजावरून ओळखेल.

पाणी मागच्या खोलीत आलंय. गार नाही. अंगासारखं कोमट.

२२ सप्टेंबर

वळलं!

सकाळी वाऱ्याचा आवाजच बंद पडला. टीव्हीवरचा माणूस तेच तेच वाक्य बोलतोय, अनपेक्षित वळण, अनपेक्षित वळण. शेजारचे लोक रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडतायत. मागच्या खोलीतलं पाणी उतरलं, नुसता गाळ राहिला. काकूंनी वरून हाक मारून चहाला बोलावलं. काका हसले, अर्ध्या चेहऱ्याने.

मी चहा पीत बसले. दोन घोट घेतले. मग लक्षात आलं की वळलं म्हणजे कुणीतरी आलंय.

गट उघडला. नवी सभासद. कप्तान तिचं स्वागत करत होता. तिने लिहिलं होतं, माझ्या धाकट्या बहिणीने तुमचा गट सांगितला होता, ती किनाऱ्यावर अडकली आहे, फोन उचलत नाही, तिच्याकडची काही खबर आहे का.

खूण धरणाखाली.

२२ सप्टेंबर, दुपार

ताई फोनवर आधी रडली, मग रागावली, मग मी सांगितलेलं ऐकून हसली. म्हणाली, तू जागरणं केलीस, नीट जेव आणि झोप. डोंगरात कधी वादळ येतं का, वेडे.

मी ओरडले. घर सोड, छोटीला घे, भावजींना सांग. तिने खिडकी उघडल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, इथे पाऊस धरलाय गं, फार विचित्र धरलाय.

२३ सप्टेंबर

रेषा जमिनीवर चढली. असं होत नाही, जमिनीवर वादळ विरतं — हे नाही विरत.

ताईकडच्या घाटात दरड कोसळली. रस्ता बंद. भावजी धरणावरच आहेत. दरवाजे पूर्ण उघडलेत तरी पाणी चढतंय. ताई छोटीला घेऊन गच्चीवर. भाची फोनवर म्हणाली, मावशी, आमच्या अंगणात नदी आली.

शिंपलाबाईंना विचारलं. मीच पुन्हा आले तर? दुसरं नाव, दुसरा नंबर. नवी म्हणून.

त्या म्हणाल्या, असं कुणी केलेलं नाही.

मग म्हणाल्या, नका करू.

मग — करा.

२४ सप्टेंबर

दुकानात जाऊन मालकांना किल्ली दिली. नवा नंबर घेतला. काकूंना म्हटलं, ताईकडे जाते. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

मिठागरांच्या पलीकडे आलेय. घर नाही, झाड नाही, गुरंही नाहीत. पहारेकऱ्याची पडकी चौकी आहे, तिच्यात बसून लिहितेय. ऊन आहे. चहूबाजूला पांढरं.

ताईचा फोन लागत नाही. शेवटचा निरोप — पाणी जिन्यावर.

नव्या नंबरवरून गटात शिरले. नाव विचारलं, मनात आलं ते लिहिलं. कप्तान लगेच बोलला. म्हणाला, तुम्ही नव्या नाही आहात.

मी म्हटलं, नवी म्हणून मोजा.

तो टाइप करतोय. थांबतो. परत करतोय.

खूण लावली. इथे, चौकीवर.

काही नाही. ऊन. काहीच —

वारा पडला. मिठावरचं पाणी मागे ओसरतंय, समुद्राकडे, सगळं एकदम. जमिनीला भेगा दिसतात. क्षितिजावर रेघ. आधी मला ढग वाटला.

ताई! ताईचा निरोप. पाऊस थांबला, पाणी उतरतंय, छोटी ठीक आहे, आभाळ उघडलं बघ, तू आहेस तरी कुठे

तिला लिहायचं काय. लिहिते की मी काकूंकडे, जेवून आत्ताच जरा आडवी झा