कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे

सोमवार, १२ तारीख

धाकट्या,

आशीर्वाद सवयीने लिहिते, मनापासून नाही. माझी खुशाली विचारू नकोस. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये टकल्याने हात वर केला तेव्हा तूही केलास, आणि सख्ख्या बहिणीला कारखान्यातून काढलंस. वर लिहिलंस काय, तर "बाईंना आराम द्यावा." आराम! बावीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या, वाफेने हात भाजले, तेव्हा कुणाला माझा आराम आठवला नाही.

शहरात चादरी धुणारे कारखाने दोनच. एक आपला, एक टकल्याचा. गेल्या वर्षी आपल्या नव्या मशिनसाठी पैसे देऊन त्याने आपले कर्जरोखे घेतले, तेव्हा तू म्हणालास, "अक्का, नुसते कागद आहेत, त्यांना मत नाही." खरं बोललास. वकीलबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "रोखे घेताना कुणाला कळवायची गरज नव्हती. पण त्यांचे मताचे शेअर करायचे, तर सगळा धंदा एकाच्याच हाती जाऊ नये हे बघणाऱ्या स्पर्धा कार्यालयाला आधी कळवायचं आणि मुदत संपेपर्यंत थांबायचं. नाहीतर रोजचा दंड."

टकल्याला थांबवेना. शुक्रवारी सकाळी शेअर करून घेतले, दुपारी त्याच शेअरांवर मत दिलं. आणि तू, शिकलेला माणूस, रजिस्टरात काय लिहिलंस? "कार्यालयाला सवडीने कळवावे असे ठरले." तुझ्याच वळणदार अक्षरात, खाली दोघांच्या सह्या. मग रजिस्टर माझ्या हातात दिलंस, "अक्का, कपाटात ठेव." बावीस वर्षांची सवय! मला काढलंत, पण किल्ली मागायची आठवण कुणाला झाली नाही. अक्काला कुठे वाचता येतं, असंच ना?

अक्षर अक्षर जोडत वाचलं मी. दोन दिवस लागले. झेरॉक्स वकीलबाईंकडे आहे, स्पर्धा कार्यालयाला द्यायचा अर्जही तयार आहे. टकल्याचं टक्कल घामाने चमकलेलं मला बघायचंय. तुझी तर झोपच उडायला हवी.

आता एक सांगते. वकीलबाईंपासूनही कालपर्यंत लपवलं होतं. रोख्यांच्या कागदावर माझीही सही आहे. तू वाचून दाखवलंस, मी सही केली. लहानपणापासून तूच वाचायचास, मी ऐकायची. तुझी फी भरता यावी म्हणून चौथीतून माझं नाव काढलं, तेव्हा तूच म्हणाला होतास, "अक्का, तुझं सगळं मी वाचीन." म्हणून त्या दिवशीही डोळे मिटून ऐकलं. पण "घेणाऱ्याच्या मर्जीने शेअर होतील" ही ओळ तू वाचलीच नाहीस. काल मी बोट ठेवून शोधली. तिसऱ्या पानावर आहे, मधोमध. चुकून सुटण्यासारखी नाही.

तुझे दाजी असते तर म्हणाले असते, जाऊ दे, धाकटा आहे. ते नाहीत. मी जाऊ देणार नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता कारखान्यात ये. इस्त्रीवाल्या सगळ्या बायका असतील. त्यांच्यासमोर उभा राहा आणि ती ओळ मला मोठ्याने वाचून दाखव. मग शेअर मागे कसे फिरवायचे ते वकीलबाई सांगतील.

आला नाहीस, तर सव्वादहाला अर्ज जाईल. येतोस की नाही, बुधवार संध्याकाळपर्यंत कळव. आणि स्वतः लिही. मला आता वाचता येतं.

तुझी, अजून तरी,
अक्का