दहातली सहा वर्षं

४ मार्च, सोमवार
आजपासून रोज नोंद ठेवणार. कारण घरात काहीतरी काळंबेरं चाललंय.

हिच्या ऑपरेशनला चौदा महिने झाले. जिभेचा कॅन्सर. तिसरा हिस्सा जीभ काढली, वर तेहतीस दिवस रेडिएशन. आता रिपोर्ट स्वच्छ. पण बोलणं जड झालंय, तोंड सतत कोरडं, चव जवळजवळ नाही, खाणं सगळं मऊ किंवा पातळ. थोडक्यात, बिचारीच्या आयुष्याची पार वाट लागलीय. हे मी तिला कधी बोलून दाखवत नाही. चेहऱ्यावर दिसत असेल तेवढंच.

आज तपासणीला गेलो तर तिथे एक तरुण डॉक्टरीण फॉर्म घेऊन बसलेली. (यापुढे उल्लेख: फॉर्मवाली.) विषय, उपचारांनंतरची क्वालिटी ऑफ लाइफ. क्वालिटी! अहो, माझं खातंच ते. नळांच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. गळका नळ माझ्या हातून सुटला नाही.

एक फॉर्म हिने स्वतःबद्दल भरायचा, दुसरा मी हिच्याबद्दल. वेगवेगळ्या टेबलांवर बसून. मी म्हटलं, हिचं बोलणं लोकांना कळत नाही, दोन्ही मीच भरतो. फॉर्मवाली म्हणाली, काका, बोलायचं नाहीये, लिहायचंय. मुलगी आगाऊ वाटते.

शेवटच्या पानावर रुग्णाच्या तब्येतीला गुण द्यायला शून्य ते शंभरची एक उभी पट्टी. विचारपूर्वक पस्तीसवर खूण केली. खाली प्रश्न: समजा, रुग्णापुढे या अवस्थेतली दहा वर्षं आहेत. पूर्ण बरं होऊन जगता आलं, तर त्या बदल्यात यांतली किती सोडून द्यावीत? मी सहा लिहिली. लिहिताना डोळे भरून आले. पण चार वर्षं ठणठणीत, पहिल्यासारखी खणखणीत बोलणारी ही! सौदा वाईट नाही.

हिने लिहिताना कागदावर हाताचा आडोसा धरला होता. कशासाठी?

५ मार्च, मंगळवार
कुठेतरी पाणी मुरतंय. काल फॉर्म परत देताना हिच्या कागदावर ओझरती नजर गेली. मुद्दाम नाही, मान थोडी वळवावी लागली. पट्टीवर खूण ब्याऐंशीला! आणि वर्षांच्या रकान्यात शून्य.

पट्टी वरून खाली मोजली असणार, म्हणजे खरे अठरा. पण हिने शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलंय. मग फॉर्मवालीचं मन राखायला? की माझ्यापासून काही लपवतेय? पाळत ठेवायचं ठरवलं.

७ मार्च, गुरुवार
सकाळी ८.१०. टोस्ट चहात भिजवून खाल्ला. ८.२५. पेपर वाचताना हसली. काय झालं, विचारलं. सांगायला लागली, पण मला लगेच अंदाज आला, वाक्य मीच पूर्ण केलं. म्हणाली, नाही, ते नाही. दुसऱ्या तऱ्हेने पूर्ण केलं. मग म्हणाली, जाऊ दे. दोन शब्द बोलायचा केवढा त्रास! आणि म्हणे ब्याऐंशी.

१० मार्च, रविवार
लेकीचा फोन. आई कशी आहे, विचारलं. म्हटलं, दिवस ढकलतेय. शेजारी उभी राहून ही फोन मागत होती. मी लेकीला सांगितलं की तिला बोलायची दगदग नको. लेक म्हणाली, बाबा, फोन आईकडे द्या. मग दार लावून पस्तीस मिनिटं. आतून हसण्याचे आवाज. लेक पलीकडून नुसतं हो-हो करत असेल. मन दुखवत नाही ती कुणाचं.

१२ मार्च, मंगळवार
रोज पाचला बाहेर पडते. चालायला जाते म्हणे. पण चपला घालून? बूट कोपऱ्यात तसेच. आज मागे गेलो, वीस पावलांचं अंतर राखून.

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात शिरली. मी बाहेर टांगलेल्या कोटांआड उभा. आत शिंपीणबाई, दोन गिऱ्हाइकं आणि ही. बोलत होती ही! मध्ये थांबायची, बाटलीतून पाण्याचा घोट घ्यायची, पुन्हा बोलायची. बाकीच्या थांबायच्या. मग सगळ्या हसायच्या. गोष्ट कुणा एका माणसाची होती, जो फ्रिजचं दार नीट लागलंय का, ते तीन-तीनदा उठून बघतो. कोण ते कळलं नाही.

शिंपीणबाईंना शब्द कळत नसणार, सवयीने हसत असतील. त्यांनी हिला उलट प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता. योगायोग.

एवढ्यात शिंपीणबाई बाहेर आल्या. कोट शिवायचाय का, विचारलं. पंचाईत झाली. हो म्हणालो. आतून हिने न बघताच सांगितलं, छाती बेचाळीस, बाह्या अर्धा इंच जास्त. शिंपीणबाईंनी लिहून घेतलं. टेप काढावीच लागली नाही.

१५ मार्च, शुक्रवार
तोडगा सापडला. कारखान्यात दोन इन्स्पेक्टरांचे आकडे जुळले नाहीत, तर दोघांनी एका टेबलावर बसून फेरमोजणी करायची. भांडण नाही, तंटा नाही. माझ्या फॉर्मची नक्कल मी ठेवलेलीच आहे, जुनी सवय. रविवारी चहानंतर बसायचं. मी कारणं वाचून दाखवेन. ही चाळीसपर्यंत तरी उतरेल. मग रडेल. मग मी धीर देईन. मोठा रुमाल धुऊन ठेवला.

१७ मार्च, रविवार
४.००. फेरमोजणी सुरू. बोलणं, पाचपैकी दोन. चव, शून्य. गिळणं, दोन. हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, उतरतेय.

मग माझा कागद ओढून घेतला नि शेवटचं पान वाचलं. सहा कुठून आली, विचारलं. मी सांगितलं, तुझ्यासाठीच, छातीवर दगड ठेवून सोडली. तिने सावकाश विचारलं, कुणाला विचारून सोडलीत? म्हटलं, अगं, प्रश्नच तसा होता. ती बोटांवर मोजायला लागली. नात आता चार वर्षांची. तुमच्या चार वर्षांत ती जेमतेम भागाकारापर्यंत येते, म्हणाली. अपूर्णांक कोण शिकवणार, तुम्ही?

ती उठून बाहेर गेली, सातपर्यंत आली नाही. रुमाल कोरडाच.

१८ मार्च, सोमवार
सकाळीच हॉस्पिटल गाठलं. फॉर्मवालीला म्हटलं, माझ्या फॉर्ममध्ये चूक आहे, दुरुस्त करू द्या. म्हणाली, भरलेला फॉर्म बदलता येत नाही, आणि चूक नाहीये काका, बहुतेक घरच्यांचे आकडे कमीच येतात. मी विचारलं, मग खरा आकडा कुणाचा? म्हणाली, ज्याचं आयुष्य त्याचा.

ही कसली तपासणी? एकतीस वर्षांत आम्ही नळाला कधी विचारलं नाही. बाहेर बाकावर बराच वेळ बसलो. उठावंसं वाटेना.

हिचा अबोला. माझ्यापुरताच, दुकानात बोलत असणार.

१९ मार्च, मंगळवार
पाचला बाहेर गेली नाही. मला संशय आला. समोर येऊन बसली. मी घाबरलो होतो, इथे लिहायला हरकत नाही.

म्हणाली, मला दहाच्या दहा हवीत. घोटभर पाणी प्यायली. म्हणाली, या कोरड्या तोंडासकट. बिनचवीच्या जेवणासकट. आणि. मग थांबली.

पुढचा शब्द मी शोधला. गोळ्या? तपासण्या? थकवा? काहीच बसेना. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला तिच्या वाक्याचा शेवट माहीत नव्हता. गप्प बसलो. मिनिटभर तरी गेलं असेल. तिला घाई नव्हती.

मग म्हणाली, तुमच्यासकट.

बरं वाटलं, फार बरं वाटलं. मग यादी मनात पुन्हा वाचली. कोरडं तोंड, बिनचवीचं जेवण, मी. म्हणजे त्रासांमध्ये मी तिसरा. तसा खालचाच नंबर. तरी खात्री असावी म्हणून विचारलं की क्रम कसा लावलाय.

म्हणाली, चढता.