ज्योत्स्नाची गोधडी

सायखेडा,
१२ जानेवारी १९९९

चि. ज्योत्स्ना,
तुला उदंड आयुष्य मागून लिहायला बसले. हे पत्र टपालात टाकणार नाही.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, सगळ्या आजाऱ्यांना गोधड्या शिवतेस, मलाच का नाही?" मी म्हणाले, डोळ्यांना दिसत नाही. खोटं बोलले. तुझं दुखणं कळलं त्याच आठवड्यात तुझी शिवून झाली.

तुझे वडील गेल्यापासून प्रत्येक गोधडीच्या आत त्यांच्या धोतराचा तुकडा घालते. वाटायचं, मायाळू माणूस होता, आजाऱ्याला सोबत करील. पण ती पांघरलेलं कोणी उठलं नाही. दिवाळीत फुलाबाईच्या नवऱ्यासाठी नेली, तर तिने दारातच अडवलं. "नको वहिनी. भाऊंचं धोतर हाय तिच्यात. ते सोबतीला माणसं बोलावतात, लय जण बोलतात." मी हसले. तिचा नवरा आज कांदे लावतोय.

तुझ्या गोधडीतला तुकडा उसवायला बसले होते. हात धजला नाही. उसवला तर त्यांच्यावर मीच आळ घेतल्यासारखं होईल.

म्हणून ती आठ दिवसांपासून मीच पांघरते. त्यांना कोणाला न्यायचंच असेल, तर मी हाताशी असावी.

कालपासून अंगात कणकण आहे. तू औषध चुकवू नकोस.

तुझी,
आई